शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी: विद्यापीठाचा कारभार मिळून चालवायचा तर

संयुक्त कारभाराची चर्चा बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाकडून सुरू होते. परिषदेत शिक्षकांच्या जागा किती, विद्यार्थ्यांच्या किती, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मत द्यायचे की नुसते बसायला बोलवायचे, यावर सहा महिने जातात. जागा ठरतात, निवडणूक होते, पहिली सभा भरते आणि मग लक्षात येते की पुढ्यात येणारे बहुतेक विषय दुसरीकडे कुठेतरी आधीच निकालात निघालेले आहेत. परिषद फक्त शिक्का मारते. म्हणून आधी विषयांची वाटणी करायची, जागांचा हिशेब नंतर.

गेल्या वर्षाचे निर्णय कागदावर आणा

मागच्या वर्षाची परिपत्रके, सभांची इतिवृत्ते आणि फायलींवरचे मंजुरीचे शेरे घेऊन बसा. शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी यांच्यातला प्रत्येकी एक अशा तिघांचे हे साधारण आठवडाभराचे काम आहे. किरकोळ खरेदी, वैयक्तिक रजा असले विषय वगळून साठ ते ऐंशी नोंदी निघाल्या तरी पुरे. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा: प्रस्ताव कुणी तयार केला, मत कुणाचे घेतले, शेवटची सही कुणाची, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांना ते कळले कधी.

चौथा रकाना भरताना खोलीत थोडी शांतता पसरते. वसतिगृहाची शुल्कवाढ विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या पावतीवर कळलेली असते. परीक्षेचे नवे वेळापत्रक परीक्षा विभागातल्या लिपिकांना सूचनाफलकावरून समजलेले असते. पुढचे सगळे काम या यादीवर उभे राहते, त्यामुळे ती घाईने उरकू नका आणि एकट्या प्रशासनाकडून करून घेऊ नका.

विषयवाटणीचा तक्ता

आता प्रत्येक विषयापुढे चार प्रश्नांची उत्तरे द्यायची. निर्णय कोण घेणार? कुणाची संमती नसेल तर निर्णय पुढे जाणार नाही? कुणाचे मत आधी घ्यायचेच? आणि कुणाला नुसते कळवले तरी चालेल?

वाटणी करताना तीन कसोट्या उपयोगी पडतात: त्या विषयाचे ज्ञान कुणाकडे आहे, परिणाम कुणाला भोगावा लागणार, आणि कायद्याने उत्तर कुणाला द्यावे लागणार. तिन्हींची उत्तरे एकच असतील तर वाद नाही. ती वेगवेगळी असतील तिथे संमती किंवा मत घेण्याची तरतूद लागते. अभ्यासक्रमाचा आशय, अध्यापनाची पद्धत, मूल्यमापनाचे निकष, शिक्षकांची निवड आणि पदोन्नती यांत शिक्षकांचा शब्द वजनदार असावा. अमेरिकेत प्राध्यापकांची संघटना, विद्यापीठ प्रशासनांची परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून १९६६ साली जे निवेदन तयार केले त्यातही हीच विभागणी आहे: या विषयांची प्राथमिक जबाबदारी शिक्षकांची, आणि नियामक मंडळाने त्यांचे मत डावलायचेच तर अपवाद म्हणून आणि कारणे सांगून.

जर्मनीत हा प्रश्न थेट न्यायालयापुढे गेला. २९ मे १९७३ च्या निकालात तिथल्या संघराज्य घटना न्यायालयाने सांगितले की शिक्षक, साहाय्यक, विद्यार्थी आणि इतर कर्मचारी असे गट मिळून चालवतात ते विद्यापीठ घटनेच्या चौकटीत बसते. मात्र अध्यापनाच्या प्रश्नांवर प्राध्यापकांच्या गटाकडे निदान निम्मी मते हवीत, आणि संशोधन व नेमणुकांच्या प्रश्नांवर त्यांचा प्रभाव निर्णायक हवा. एकच मतवाटणी सगळ्या विषयांना लावू नका, विषय बदलला की वजन बदलते, असा त्याचा व्यवहारी अर्थ. तक्ता करण्यामागचे कारणही हेच आहे.

काही नमुन्याच्या ओळी पाहा. अभ्यासक्रमातला बदल: निर्णय विद्या परिषदेचा (शैक्षणिक विषय पाहणारी वेगळी परिषद), त्या विभागाच्या विद्यार्थी प्रतिनिधींचे मत आधी घ्यायचे, आणि परीक्षा व प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचेही, कारण नवा प्रयोग लावायचा तर साहित्य मांडणारा माणूस तोच असतो. वसतिगृहाचे नियम: निर्णय वसतिगृह समितीचा, विद्यार्थी सदस्यांच्या बहुमताची संमती आवश्यक. कामाच्या पाळ्या आणि बदल्यांचे निकष: निर्णय कुलसचिवांचा, कर्मचारी प्रतिनिधींची संमती आवश्यक, शिक्षकांना कळवायचे. शुल्क: निर्णय नियामक मंडळाचा, तिन्ही गटांचे लेखी मत आधी. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण किंवा एखाद्या शिक्षकाची पदोन्नती असे व्यक्तिगत प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे येणारच नाहीत, हेही तक्त्यात स्पष्ट लिहा.

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे ‘विचारविनिमय’. कुणी फोन करून विचारले, चहा पिताना कानावर घातले, तरी विचारविनिमय झाला असे नोंदवता येते. म्हणून नियमावलीतच त्याची व्याख्या घाला: मसुदा लेखी दिला, मत कळवायला किमान १५ कामकाजाचे दिवस दिले, आणि आलेल्या मुख्य आक्षेपांना लेखी उत्तर दिले, तरच विचारविनिमय झाला असे धरावे. परीक्षेचे आणि सुट्टीचे दिवस या १५ मध्ये मोजायचे नाहीत. हे शेवटचे वाक्य विसरले की वादग्रस्त मसुदे नेमके सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी बाहेर पडतात.

जागा आणि मुदती

मुख्य परिषद २५ ते ४० जणांची असावी. चाळीसच्या पुढे गेली की बोलणारे आठ-दहाच राहतात, बाकीचे श्रोते होतात. ३१ जणांच्या परिषदेची एक चालण्याजोगी रचना अशी: शिक्षक १४, विद्यार्थी ७, शिक्षकेतर कर्मचारी ६, पदसिद्ध अधिकारी ४. इथे कुठल्याच एका गटाकडे बहुमत नाही, त्यामुळे दुसऱ्या गटाला पटवल्याशिवाय ठराव होत नाही. शैक्षणिक विषय मात्र वेगळ्या विद्या परिषदेकडे, जिथे शिक्षकांचे बहुमत असते. नेदरलँड्समधल्या विद्यापीठ परिषदांत कर्मचारी आणि विद्यार्थी निम्मे-निम्मे असतात. कर्मचाऱ्यांच्या निम्म्यातच शिक्षकही येतात. म्हणजे प्रमाणाचे एकच बरोबर उत्तर नाही. पदसिद्ध सदस्य मात्र मोजून घ्या. ‘आवश्यकतेनुसार निमंत्रित’ अशा वाटेने अधिकाऱ्यांची संख्या हळूहळू दुप्पट होते. निमंत्रितांना मत नाही, आणि एका सभेला तीनपेक्षा जास्त निमंत्रित नाहीत, एवढे लिहून ठेवा.

गटाच्या आतही गट असतात. शिक्षकांच्या १४ जागा खुल्या ठेवल्या तर तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी शिक्षक एकही जागा जिंकत नाहीत, कारण त्यांना प्रचाराला वेळ नसतो आणि वरिष्ठांविरुद्ध उभे राहायची भीती असते. दोन-तीन जागा त्यांच्यासाठी वेगळ्या काढा. कर्मचाऱ्यांत कार्यालय, ग्रंथालय-प्रयोगशाळा आणि देखभाल-सुरक्षा असे तीन भाग करून प्रत्येकी दोन जागा द्या. विद्यार्थ्यांत संशोधक विद्यार्थ्यांचे प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यांपेक्षा इतके वेगळे असतात की निदान एक जागा त्यांची हवी. कुठल्याही समितीवर एकटा विद्यार्थी पाठवू नका. एकटा असला की तो गप्प बसतो, नाहीतर प्रत्येक विषयावर बोलून दमतो. कमीत कमी दोन.

मुदत हा विद्यार्थी प्रतिनिधित्वाचा खरा कच्चा दुवा आहे. एक वर्षाची मुदत म्हटली की पहिले तीन महिने कामकाज समजण्यात जातात, शेवटचे दोन परीक्षेत. मधल्या काळात चार सभा मिळाल्या तर नशीब. उपाय दोन. सातपैकी तीन जागा एका वर्षी आणि चार पुढच्या वर्षी भरून दोन वर्षांची मुदत द्यायची. किंवा मुदत एक वर्षाचीच ठेवायची, पण नव्या प्रतिनिधीने जुन्याबरोबर दोन महिने मतदानाचा हक्क न घेता बसायचे. शिक्षकांना तीन वर्षे, दरवर्षी एक तृतीयांश बदल. सलग दोन मुदतींनंतर सगळ्यांनाच एक मुदत विश्रांती.

विद्यार्थ्यांनी कारभारात यावे ही कल्पना नवी नाही, हे अधूनमधून सांगावे लागते. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यात विद्यार्थ्यांच्या संघांचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, विद्यार्थ्यांमधूनच निवडला जाई आणि तासाला उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला दंड होई. १९१८ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथल्या विद्यार्थी आंदोलनाने विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा मागितला आणि ती मागणी पुढे लॅटिन अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पसरली. फ्रान्समध्ये १९६८ च्या मे महिन्यातल्या विद्यार्थ्यांच्या उद्रेकानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात जो कायदा झाला, त्याने विद्यापीठांच्या निवडून आलेल्या परिषदांत विद्यार्थ्यांना जागा दिल्या. दंडाची पद्धत परत आणा असे आमचे म्हणणे नाही. सुचवणारे भेटतात.

मते मोजण्यातली मेख

काही विद्यापीठांत कुलगुरू, अधिष्ठाता किंवा परिषदेचा अध्यक्ष तिन्ही गटांच्या भारित मतदानाने निवडतात. शिक्षकांच्या मतांना ५० टक्के वजन, विद्यार्थ्यांना ३०, कर्मचाऱ्यांना २० असे काहीतरी ठरते आणि सगळ्यांना वाटते, झाले. नाही झाले. टक्केवारी कशावर काढायची, झालेल्या वैध मतांवर की मतदारयादीतल्या एकूण नावांवर, हे लिहिलेले नसेल तर निकालाच्या दिवशी भांडण नक्की.

आकडे घेऊन बघा. यादीत शिक्षक ४००, कर्मचारी ६००, विद्यार्थी ९०००. वैध मते पडली अनुक्रमे ३२०, ४५० आणि ३०००. उमेदवार दोन. पहिल्याला शिक्षकांची २००, कर्मचाऱ्यांची १८०, विद्यार्थ्यांची ९०० मते. दुसऱ्याला १२०, २७० आणि २१००.

झालेल्या मतांवर टक्केवारी काढली तर पहिल्याला शिक्षकांत ६२.५ टक्के, म्हणजे ३१.२५ गुण. कर्मचाऱ्यांत ४० टक्के, म्हणजे ८. विद्यार्थ्यांत ३० टक्के, म्हणजे ९. बेरीज ४८.२५. दुसऱ्याला १८.७५ अधिक १२ अधिक २१, म्हणजे ५१.७५. दुसरा जिंकला.

आता तीच मते यादीतल्या संख्येने भागा. पहिल्याला २५ अधिक ६ अधिक ३, एकूण ३४. दुसऱ्याला १५ अधिक ९ अधिक ७, एकूण ३१. पहिला जिंकला. एकही मत न बदलता निकाल फिरला. कारण उघड आहे: विद्यार्थ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्यानेच मतदान केले, आणि दुसऱ्या पद्धतीत न आलेल्यांमुळे त्यांच्या गटाचे वजन तीस टक्क्यांवरून दहावर उतरले. आमचा कल झालेल्या मतांकडे आहे, जोडीला प्रत्येक गटात किमान मतदानाची अट घालून, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांत २० टक्के. त्याखाली मतदान गेले तर काय करायचे, हेही आधीच लिहा. मतदारयादी अंतिम झाल्यावर यातले काहीच बदलू नका.

एकाच गटातून अनेक जागा भरायच्या असतील तर ‘जितक्या जागा तितकी मते’ ही पद्धत टाळा. सर्वांत मोठा विभाग सगळ्या जागा घेऊन जातो. पसंतीक्रमाची पद्धत बरी: वैध मतांना जागा अधिक एक या संख्येने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. २४० मते आणि ३ जागा असतील तर ६१ चा कोटा. तेवढी मते झाली की निवड, कोट्याच्या वरची जादा मते मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे. मोजणीला वेळ लागतो, दोन माणसे आधी सराव केलेली हवीत.

सभेआधीचे तीन आठवडे

प्रतिनिधींना सभेत बोलता येत नाही याचे खरे कारण बहुधा एकच असते: त्यांना कागद उशिरा मिळतात. वेळापत्रक असे ठेवा. सभेच्या २१ दिवस आधी विषय मागवणे, कुठल्याही गटातल्या तीन सदस्यांनी सह्या करून दिलेला विषय घ्यावाच लागेल अशी तरतूद. १४ दिवस आधी विषयपत्रिका ठरवणारी छोटी समिती बसेल, तिच्यात तिन्ही गटांचा एकेक जण. १० दिवस आधी विषयपत्रिका आणि सोबतची सर्व टिप्पणे रवाना. ३ दिवस आधीपर्यंत लेखी प्रश्न, म्हणजे संबंधित अधिकारी आकडे घेऊन येतो आणि ‘माहिती घेऊन सांगतो’ हे उत्तर बंद होते.

प्रत्येक विषयाचे टिपण दोन पानांचे: प्रश्न काय, पर्याय कोणते, खर्च किती, कुणावर परिणाम, शिफारस कोणती. साठ पानांचे परिशिष्ट हवे तर जोडा, पण दोन पाने नसतील तर विषय घेऊ नका. विषयपत्रिकेवर प्रत्येक विषयापुढे ‘माहितीसाठी’, ‘चर्चेसाठी’ किंवा ‘निर्णयासाठी’ असे लिहा. मोठा विषय एका सभेत चर्चेला आणि पुढच्या सभेत निर्णयाला घ्यायचा, म्हणजे मधल्या काळात प्रतिनिधी आपापल्या माणसांशी बोलू शकतात. वादाचे नसलेले विषय एका यादीत घालून विनाचर्चा मंजूर करा. कुणीही एका सदस्याने म्हटले की त्यातला विषय बाहेर काढून चर्चेला घ्यायचा.

आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. विषयपत्रिकेच्या तळाशी सवयीने छापलेल्या या ओळीतून जेवढे नुकसान होते तेवढे कशातून होत नाही. शेवटची दहा मिनिटे, अर्धे सदस्य उठलेले, आणि तेव्हाच एका करारास मान्यता. ओळ काढून टाकता येत नसेल तर तिला लगाम घाला: ऐनवेळच्या विषयावर चर्चा होईल, निर्णय नाही. खरीच निकड असेल तर हजर सदस्यांपैकी तीन चतुर्थांश जणांनी आधी निकड मान्य करावी आणि मग विषय घ्यावा.

सभेची वेळही राजकारण असते. दुपारी चारला सभा ठेवली की प्रयोगशाळा साहाय्यकाची पाळी चालू असते, सकाळी दहाला विद्यार्थ्यांचा तास. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या सभांच्या तारखा जाहीर करा. कर्मचाऱ्याचा सभेतला वेळ कामाचा वेळ धरा आणि त्याच्या खिडकीवर बदली माणूस द्या. विद्यार्थ्याची गैरहजेरी ग्राह्य धरा. हे परिपत्रकाने करावे लागते. विभागप्रमुखाच्या चांगुलपणावर सोडले की दुसऱ्या सभेपासून खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात.

प्रत्यक्ष सभा

गणपूर्ती (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ३१ मध्ये १६, आणि प्रत्येक गटाचा किमान एक सदस्य हजर हवा. या दुसऱ्या अटीचा दुरुपयोग होतो, एखादा गट मुद्दाम गैरहजर राहून काम अडवतो. म्हणून सभा तहकूब झाल्यास सात दिवसांनी भरणाऱ्या सभेला गटाची अट लागू नाही, निम्म्यांची मात्र लागू, असे ठेवा. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नको, ही अनेक नियमावल्यांत आढळणारी पद्धत इथे घेऊ नका. सहा जण बसून शुल्कवाढ मंजूर करतात आणि ती नियमाला धरून असते.

बोलण्याचा क्रम ठरवून घ्या. शिक्षकांना बोलायची सवय असते, रोजचेच काम ते. प्रत्येक विषयावर आधी ज्यांच्यावर परिणाम होणार तो गट, मग इतर, प्रत्येकी तीन मिनिटे, दुसरी फेरी सगळ्यांची पहिली झाल्यावर. कुलगुरूंनी अध्यक्षस्थानी असताना आपले मत शेवटी सांगावे. पहिल्याच वाक्यात सांगितले तर त्यांच्या हाताखालचे सदस्य विरोधात बोलत नाहीत. शक्य असेल तर सभेचा अध्यक्ष निवडलेला असावा आणि कुलगुरूंनी सदस्य म्हणून बसावे.

मतदान हात वर करून, पण पाच सदस्यांनी मागितले तर गुप्त. व्यक्तीची निवड नेहमी गुप्त. कर्मचारी सदस्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी समोरच बसलेला असतो, विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेणारे प्राध्यापक शेजारी. ही भीती खोटी नसते. सभेतल्या बोलण्यावरून कुणावर कारवाई करता येणार नाही हे कलम नियमावलीत हवे, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती परिषदेबाहेरची हवी. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा हितसंबंध आहे त्या वेळी त्याने तसे सांगून बाहेर जायचे, नुसते तटस्थ राहून भागत नाही.

इतिवृत्त

झालेला निर्णय वर्षभराने कुणी वाचला तर काय करायचे होते ते कळले पाहिजे. हे पाहा: ‘वाचनकक्षाच्या वेळेबाबत सविस्तर चर्चा झाली. सदस्यांनी विविध मते मांडली. योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले.’ यातून कुणीही काहीही करू शकतो आणि काहीही न करणारा दोषी ठरत नाही.

तीच नोंद अशी लिहा: ‘ठराव १४. परीक्षेआधीचे २१ दिवस आणि परीक्षा संपेपर्यंत मध्यवर्ती ग्रंथालयाचा वाचनकक्ष रात्री १२ पर्यंत उघडा राहील. रात्रपाळीला दोन कर्मचारी, त्यांना बदली सुट्टी त्याच महिन्यात. जबाबदारी ग्रंथपाल. खर्च ग्रंथालयाच्या चालू तरतुदीतून. अंमल पुढील परीक्षासत्रापासून. बाजूने १९, विरोधात ६, तटस्थ ३. विरोधाचे कारण: रात्री घरी जाण्यासाठी वाहनाची सोय नाही. आढावा सत्र संपल्यावरच्या पहिल्या सभेत.’ विरोधाचे कारण लिहिलेले असले की आढाव्याच्या वेळी नेमके काय तपासायचे ते आयते मिळते.

मसुदा पाच दिवसांत सदस्यांकडे, दुरुस्त्या पुढच्या पाच दिवसांत, आणि ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ होण्याची वाट न पाहता ‘मसुदा’ असा शिक्का मारून सगळ्यांना खुला. पुढच्या सभेचा दुसरा विषय कायम कार्यवाही अहवाल: प्रत्येक ठरावापुढे झाले, चालू आहे, झाले नाही आणि का.

प्रशासनाला ठराव मान्य नसेल तर

हे आधी लिहून ठेवले नाही तर ठराव फायलीत पडून राहतो आणि कुणी नाही म्हटलेलेही नसते. नियम असा करा: ठराव मिळाल्यापासून ३० दिवसांत स्वीकार किंवा लेखी कारणांसह परत. मुदत उलटली तर स्वीकारला असे समजायचे. परत आलेल्या ठरावावर दोन्ही बाजूंचे तीन-तीन जण बसतील. तोडगा निघाला नाही आणि परिषदेने दोन तृतीयांश मतांनी तोच ठराव पुन्हा केला, तर तो दोन्ही बाजूंच्या टिपणांसह नियामक मंडळापुढे जाईल, आणि परिषदेचा एक सदस्य तिथे स्वतः बाजू मांडेल. प्रशासनाच्या तोंडून परिषदेची बाजू गेली तर ती वाटेतच बोथट होते.

आणीबाणीचे अधिकार कुलगुरूंना लागतातच. पूर, आग, साथ अशा वेळी सभा बोलावत बसता येत नाही. पण तसा घेतलेला निर्णय सात दिवसांत सदस्यांना कळवायचा, आणि पुढच्या सभेने किंवा ४५ दिवसांत, जे आधी असेल तेव्हा, कायम केला नाही तर तो आपोआप रद्द. ही मुदत नसेल तर तात्पुरती समिती चार वर्षे चालते.

अंदाजपत्रक

बहुतेक परिषदांना अंदाजपत्रक मंजुरीच्या सभेतच दिसते. तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते, कारण वेतन, निवृत्तिवेतन, वीज, देखभाल हे बांधील खर्च गेले की हलवता येण्याजोगी रक्कम थोडीच राहते आणि तीही विभागांना आधी सांगून झालेली असते. परिषदेचा सहभाग दोन टप्प्यांवर हवा: विभागांकडून मागण्या येण्याआधी प्राधान्ये ठरवताना, आणि पहिला आराखडा तयार झाल्यावर, म्हणजे मंजुरीच्या निदान आठ आठवडे आधी. डच विद्यापीठ परिषदांना अंदाजपत्रकाच्या मुख्य रूपरेषेवर संमतीचा हक्क आहे. ओळन्‌ओळ तपासायला लावण्यापेक्षा ही सीमारेषा शहाणपणाची.

प्रतिनिधींनी मागायचे कागद मोजके: मागील तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी, बांधील आणि बिनबांधील खर्चाची फोड, शुल्कातून आलेला आणि अनुदानातून आलेला पैसा वेगळा. तरतूद मोठी आणि खर्च दरवर्षी निम्माच, अशा ओळी आधी शोधा. तिथेच पैसा अडकलेला असतो. त्यासाठी नव्या सदस्यांना वित्त अधिकाऱ्याने तीन तास बसवून खरे अंदाजपत्रक हातात देऊन वाचायला शिकवावे. सादरीकरणाच्या रंगीत स्लाइड दाखवून हे होत नाही.

वर्षाअखेरची मोजणी

दर वर्षी पाच आकडे काढा: एकूण ठराव किती आणि त्यांतले अंमलात आलेले किती, परत आलेल्या ठरावांपैकी लेखी कारण असलेले किती, गटवार हजेरी, सभेच्या १० दिवस आधी पोचलेली टिप्पणे किती, आणि विषयवाटणीच्या तक्त्यात परिषदेकडे असलेले पण तिच्यापुढे न येताच निघालेले निर्णय किती. पाचव्या आकड्यासाठी सुरुवातीच्या यादीसारखीच यादी पुन्हा करावी लागते, तीच तीन माणसांची आणि आठवडाभराची. कर्मचाऱ्यांची हजेरी घसरली असेल तर आधी पाळ्यांचा तक्ता मागवा, मग त्यांच्या उदासीनतेविषयी बोला. तात्पुरते म्हणून नेमलेले कार्यगट आणि अभ्यासगट यांची यादीही त्याच वेळी काढा. नेमणुकीच्या ठरावात समाप्तीची तारीख नसलेला प्रत्येक गट पुढच्या सभेत बरखास्तीला घ्या. ज्यांना तो खरोखर हवा आहे ते कारण घेऊन येतील.